झुब्रुव्का : गवताची काडी असलेली व्होडका आणि सफरचंदाचा रस

पोलंडची झुब्रुव्का ही व्होडका हाती आली की लक्ष प्रथम जाते ते बाटलीतल्या गवताच्या लांब काडीकडे, आणि ती नुसती शोभेची असावी अशी शंकाही लगेच येते. शंका बरीचशी खरी आहे, कारण स्वाद उतरतो तो मद्यात आधीच मुरवलेल्या सुक्या गवताचा. काडी ही मालाची ओळख. हे सुगंधी गवत पोलंड आणि बेलारूसच्या सीमेवरील ब्यावोव्येझा अरण्याच्या परिसरात उगवते. त्याच अरण्यात युरोपीय बायसन चरतात, म्हणून बाटलीवर त्यांचे चित्र. गवत सुकू लागले की त्यातील कुमॅरीन या सुगंधी द्रव्याचा वास मोकळा होतो, आणि झाकण उघडताच ताज्या कापणीच्या गवताबरोबर व्हॅनिला आणि किंचित बदामाचा जो गंध येतो, तो मुख्यतः त्याचाच. अमेरिकेत खाद्यपदार्थांत कुमॅरीन मिसळण्यास १९५४ पासून बंदी असल्यामुळे तिथल्या दुकानांत मिळणारी याच नावाची व्होडका कुमॅरीन वगळून केलेली असते. तेव्हा नातेवाइकांकडून बाटली मागवायचीच असेल, तर ती युरोपातून येणाऱ्यांकडून मागवावी.

पोलंडमध्ये ही व्होडका सफरचंदाच्या रसात घालून पितात आणि या पेयाला तिथल्या सफरचंदाच्या केकचेच, म्हणजे शार्लोत्काचे नाव आहे. घरी करायला याहून सोपे कॉकटेल क्वचितच सापडेल, पण सारी मदार रसावर असते. खोक्यातला पारदर्शक रस इतका गोड असतो की गवताचा वास त्याखाली दबून जातो आणि उरते ते केवळ मादक सरबत. हिरवी आंबट सफरचंदे आणि एखादे लाल सफरचंद यांचा रस घरीच काढून जाड गाळणीने गाळावा, म्हणजे तो थोडा गढूळ राहतो आणि पेयाला दाटपणा येतो. रस हवेत लगेच तपकिरी पडतो; त्यात चमचाभर लिंबाचा रस पिळला की रंगही टिकतो आणि गोडीही आवरते. आखूड, जड बुडाच्या ग्लासात बर्फाचे मोठे खडे भरून ५० मिलिलिटर व्होडका आणि सुमारे १३० मिलिलिटर रस ओतावा, आणि चमच्याने एकदाच हलवावे.

बाटली फ्रीझरमध्ये ठेवण्याची प्रथा पोलंडमध्येही आहे आणि नुसती व्होडका पिणाऱ्यांना ती सोयीची वाटते, परंतु अति थंडाव्यात सुगंध मिटून जातो, म्हणून कॉकटेलसाठी साधा फ्रिज पुरे. वरून भुरभुरण्यासाठी चिमूटभर दालचिनी मात्र जरूर घ्यावी. आपल्या मसाल्याच्या डब्यातील जाड सालीच्या दालचिनीत, म्हणजे कॅसियात, कुमॅरीन असतेच, त्यामुळे दोन्ही गंध एकमेकांत सहज मिसळतात. पुदिना किंवा तुळस घालण्याचा मोह अनेकांना होतो, आणि माझ्या मते इथेच हे पेय बिघडते: पुदिन्याच्या तीव्र वासापुढे या गवताचा नाजूकपणा टिकत नाही, आणि पुदिनाच हवा असेल तर त्यासाठी कोणतीही स्वस्त बिनवासाची व्होडका चालते.

चखण्यालाही हाच न्याय लावावा. तिखट शेव किंवा मसाला पापड जिभेवर आला की पुढचा घोट नुसता गोड लागतो; खारे शेंगदाणे, काकडीच्या फोडी किंवा साधे चीज या पेयाशी अधिक जुळते. पाहुणे जास्त असतील तर व्होडका आणि रस आधीच जगमध्ये एकत्र करून फ्रिजमध्ये ठेवावेत, बर्फ मात्र ग्लासातच घालावा, अन्यथा तासाभरात सगळे पाणचट होते. गोडी मुळीच न आवडणाऱ्यांना आणि सोड्याचा चुरचुरीत झटका शोधणाऱ्यांना हे पेय फिके वाटण्याची शक्यता आहे. त्यांच्यासाठी ही महागडी बाटली घेण्याची शिफारस मी करणार नाही.