कोल्ट की रेमिंग्टन? ठासणीचं पहिलं रिव्हॉल्व्हर घेताना

काळ्या दारूचं (काडतूस नाही, सिलिंडरच्या घरांत सुटी दारू आणि गोळी ठासून भरायचं) पहिलं रिव्हॉल्व्हर घेणाऱ्याची निवड बहुधा दोघांतच अडकते: कोल्ट १८६० आर्मी की रेमिंग्टन १८५८ न्यू मॉडेल आर्मी. दोन्ही अमेरिकी यादवी युद्धातली, दोन्ही .४४ ची (नळीच्या भोकाचं इंचातलं नाममात्र माप). आज मिळतात त्या बहुतेक उबेर्ती आणि पिएत्ता या इटालियन कारखान्यांच्या प्रतिकृती. (रेमिंग्टनचं १८५८ हे पेटंटचं साल. हे मॉडेल बनू लागलं १८६३ मध्ये.)

लोक आधी बळकटी बघतात. रेमिंग्टनची चौकट अखंड, सिलिंडरच्या वरून पोलादी पट्टी गेलेली. कोल्ट वरून उघडं, नळी धरून ठेवते ती एक आडवी पाचर. ऐकायला कच्चं वाटतं, पण पोलादी चौकटीचं कोल्ट २५-३० ग्रेन (दीड-दोन ग्रॅम) दारूचा बार आरामात सोसतं. स्वस्त मिळते म्हणून पितळी चौकट मात्र घेऊ नका. मोठ्या बारांनी ती ताणली जाते आणि सगळं खिळखिळं होतं.

नेम धरायला रेमिंग्टन सरस. मागची खाच वरच्या पट्टीतच कोरलेली, हलायचा प्रश्न नाही. कोल्टची खाच घोड्यावर असते, घोडा चढवल्याशिवाय कामाची नाही. शिवाय जवळच्या अंतरावर गोळी नेमाच्या वर लागते. उंच माशी (नळीच्या टोकावरचा नेमाचा खुंट) बसवली की हे सुटतं.

खरा फरक मात्र काजळीचा, आणि दुकानात तो दिसत नाही. काळी दारू जळली की वजनाने तिचा निम्म्याहून जास्त भाग राख आणि क्षार म्हणून उरतो. कोल्टचा सिलिंडर जाड कण्यावर फिरतो, त्यावरच्या चरांत वंगण टिकतं. रेमिंग्टनचा सिलिंडर फिरतो ती पिन बारीक. काही फेऱ्यांतच सिलिंडर जड होतो आणि पिन काढून ओल्या फडक्याने पुसावी लागते. कोल्टचं दुखणं वेगळं: फुटलेल्या कॅपचे (घोडा आपटला की ठिणगी देणाऱ्या छोट्या टोपीचे) तुकडे घोड्याच्या फटीत पडतात आणि घोडा अडतो. निपलला (कॅप जिच्यावर बसते त्या बारीक नळीला) घट्ट बसणारी कॅप वापरली की हा त्रास कमी होतो, जात नाही.

धुलाई दोन्हींची त्याच दिवशी, गरम पाणी आणि साबणाने. उरलेले क्षार हवेतलं पाणी ओढतात आणि गंज धरतो. रेमिंग्टनची पिन पुढे ओढली की सिलिंडर बाजूने हातात येतो. कोल्टची पाचर ठोकून काढावी लागते, पण मग सुटी नळी आख्खी पाण्यात बुडवता येते. मला हीच सोय जास्त आवडते.

कागदावर छिद्रं जवळजवळ पाडायची असतील तर रेमिंग्टन घ्या. दिवसभर बार काढायचे असतील तर कोल्ट. गोळी मात्र नीट निवडा, बहुधा .४५१ किंवा .४५४. ठासताना तिच्या कडेची शिशाची बारीक कडी सोलून निघाली पाहिजे. नाही निघाली तर गोळी लहान आहे, तो बार उडवू नका. आणि बिनधुराची (आजच्या काडतुसांतली) दारू यात कधीच नाही, चिमूटभरसुद्धा.