अमाडेउस की बोरोदिन?

भाची विचारत होती, स्ट्रिंग क्वार्टेट (दोन व्हायोलिन, एक व्हिओला, एक चेलो अशी चौकडी) ऐकायला सुरुवात कुणापासून करू? माझ्या मनात दोन चौकड्या आल्या.

अमाडेउसमधले तिघे नाझींमुळे व्हिएन्ना सोडून आलेले ज्यू. ब्रिटनने त्यांनाच ‘शत्रुदेशीय’ म्हणून छावणीत डांबलं, आणि मैत्री जमली तिथेच! चौथा, चेलोवाला लव्हेट, इंग्रज. तिघांतल्या शिडलोफने तर क्वार्टेटसाठी व्हायोलिन सोडून व्हिओला धरला. १९४७पासून तेच चौघे. १९८७मध्ये शिडलोफ गेला, बाकीच्यांनी क्वार्टेटच बंद केलं.

बोरोदिन १९४५चं, मॉस्को कॉन्झर्व्हेटरीतल्या विद्यार्थ्यांचं. माणसं बदलत राहिली. चेलोवर बर्लिन्स्की मात्र २००७पर्यंत. रशियन संगीतकार शोस्ताकोविचच्या रचना खुद्द त्याच्यासमोर बसवलेल्या.

मोझार्ट, शुबर्ट हवेत तर अमाडेउस. शोस्ताकोविचसाठी बोरोदिनच, पण रात्री एकटीने ऐकू नकोस.