दोन मिनिटांचा काटेकोर हिशोब: ‘बियॉन्ड द इन्फिनिट टू मिनिट्स’

क्योटोतलं एक लहानसं कॅफे, रात्रीची बंद करायची वेळ. कॅफेचा मालक कातो त्याच इमारतीत वरच्या खोलीत राहतो. काम आटोपून तो खोलीत येतो, गिटार हातात घेतो, पण वाजवायचं पिक काही सापडत नाही. तेवढ्यात समोरच्या कॉम्प्युटरच्या मॉनिटरवर त्याला स्वतःचाच चेहरा दिसतो. पडद्यातला कातो सांगतो की तो दोन मिनिटं पुढून बोलतोय आणि पिक गालिच्याखाली आहे. पिक खरंच तिथे निघतं. आता या कातोला खाली पळावं लागतं, कारण कॅफेतल्या टीव्हीवर दोन मिनिटांपूर्वीचा तो स्वतः दिसतोय आणि मघाशी ऐकलेली वाक्यं आता त्यालाच म्हणायची आहेत.

जुन्ता यामागुची यांचा २०२०चा हा जपानी चित्रपट फक्त ७० मिनिटांचा आहे. दिग्दर्शन, छायाचित्रण आणि संकलन तिन्ही त्यांचंच, पटकथा माकोतो उएदा यांची. ‘युरोप किकाकु’ ही क्योटोची नाटकमंडळी. १९९८ साली दोशिशा विद्यापीठाच्या विद्यार्थी-नाट्यवर्तुळातून ती उभी राहिली आणि हा तिचा पहिला स्वतंत्र पूर्ण लांबीचा चित्रपट. शूटिंग स्मार्टफोनवर झालं, बहुतेक सगळं एकाच इमारतीत आणि तिच्या आसपास. मूळ जपानी नावाचा अर्थ साधारण ‘द्रोस्तेच्या टोकाशी आपण’ असा होतो. ‘द्रोस्ते’ का, ते पुढे येईलच.

आधी नियम नीट समजून घ्यायला हवा, कारण सगळी गंमत नियमातच आहे. वरचा मॉनिटर आणि खालचा टीव्ही एकमेकांना जोडलेले आहेत आणि दोन्ही पडदे कॅमेऱ्याचंही काम करतात. मॉनिटरवर जे दिसतं ते टीव्हीसमोर दोन मिनिटांनी घडणार आहे. टीव्हीवर जे दिसतं ते मॉनिटरसमोर दोन मिनिटांपूर्वी घडून गेलेलं आहे. बस, एवढंच. यंत्र नाही, बटण नाही, चमकणारा बोगदा नाही. कुणी कुठे प्रवासही करत नाही, फक्त बोलणं आणि चित्र पलीकडे जातं. खर्च वाचवण्यासाठी याहून शहाणा नियम सुचणं अवघड आहे. दोन मिनिटांत माणूस जिना उतरून खाली येतो, दोन वाक्यं बोलतो, बाहेर जाऊन परत येतो. लॉटरीचा मोठा डाव किंवा शेअर बाजार दोन मिनिटांत जमत नाही. त्यामुळे गोष्ट आपोआप एका इमारतीपुरती राहते, आणि ती राहावी म्हणून लेखकाला वेगळी कारणं शोधावी लागत नाहीत.

हा चित्रपट एकाच सलग शॉटसारखा दिसतो. प्रत्यक्षात तो लांब-लांब टेक, म्हणजे न थांबता केलेली चित्रणं, जोडून केलेला आहे, पण जोड सहज दिसत नाहीत. सलग शॉटचे चित्रपट बरेच येतात आणि बहुतेकांत तो कॅमेऱ्याच्या कसबाचा मिरवण्याचा भाग असतो. इथे मात्र त्याशिवाय चित्रपट उभाच राहिला नसता. मधे कट आला असता तर वरच्या प्रसंगापासून खालच्या प्रसंगापर्यंत खरोखर दोनच मिनिटं गेली का, हे प्रेक्षकाला कळलं नसतं. कॅमेरा कातोच्या मागोमाग अरुंद जिन्यावरून उतरतो, तेव्हा तो आपल्या डोळ्यांसमोर वेळ मोजून दाखवत असतो. अशा चिंचोळ्या जागेतून वर-खाली पळायचं तर फोनएवढा कॅमेराच बरा. अंधाऱ्या कोपऱ्यांत चित्र थोडं खरखरीत होतं, पण हालचालीतली मोकळीक पाहता ते चालून जातं.

खरी कसोटी कुठे लागली असेल, ते बघू. वरचा प्रसंग ‘अ’, खालचा ‘ब’. ‘ब’मध्ये टीव्हीवर ‘अ’ दाखवायचा आहे. तो आधी शूट झालेला असेल तर प्रश्न नाही. पण ‘अ’मध्ये मॉनिटरवर ‘ब’ दाखवायचा आहे, आणि तो तर गोष्टीत अजून घडलेलाच नाही. म्हणजे हिशोब कसाही मांडला तरी एका बाजूच्या नटाला, समोर कुणी नसताना, नेमक्या वेगात नेमक्या जागा सोडून बोलावं लागतं. नंतर दुसऱ्या बाजूच्या नटाला त्या मोकळ्या जागांत आपली वाक्यं अचूक बसवावी लागतात. अर्धा सेकंद उशीर झाला तरी पडद्यातला माणूस प्रश्नाआधीच उत्तर देऊन मोकळा. एखादा नट ओघात एक शब्द जास्त बोलला की पुढची सगळी साखळी सरकते. शिवाय मागे कोण उभं आहे, कुणाच्या हातात काय आहे, कोण कुठल्या बाजूने आत येतं, हे दोन्ही वेळा तंतोतंत तेच हवं. म्हणून सेटवर स्टॉपवॉच लावून काम चाललं. एडिटिंगच्या टेबलावर हे सुधारता येत नाही. कॅमेरा फिरता आहे आणि टेक लांब, त्यामुळे एका जागी चूक झाली की सगळा टेक पुन्हा.

अशा कामाला वर्षानुवर्षं एकत्र नाटक करणारीच माणसं लागतात. काझुनारी तोसा हा कातो म्हणून थोडा दमलेला, थोडा वैतागलेला, पण कधीही आव आणत नाही. कॅफेत काम करणारी आया म्हणजे रिको फुजितानी, उत्साहाने पुढे सरसावणारी. मित्रमंडळी एकमेकांच्या बोलण्यात बोलतात, तरी कुणाचं वाक्य कुणाच्या पायात येत नाही. आपल्याकडे आंतरमहाविद्यालयीन एकांकिका केलेल्या मंडळींना ही तालीम लगेच ओळखू येईल.

जवळून बघण्यासारखा एक प्रसंग सांगतो. गोष्टीतलं आधीच काही कळायला नको असेल तर हा परिच्छेद सोडा. शेजारच्या केशकर्तनालयातली मेगुमी (आकी आसाकुरा) कातोला आवडते आणि तिला आपल्या कार्यक्रमाला बोलवायचं धाडस त्याच्यात नाही. पडद्यातला कातो खुशीत सांगतो की ती ‘हो’ म्हणाली. त्या भरवशावर हा जाऊन विचारतो आणि ती नकार देते. आता तो परत येतो, टीव्हीसमोर उभा राहतो, तिथे दोन मिनिटांपूर्वीचा आशेने भरलेला स्वतः दिसतोय. त्याला खरं सांगायचं की जे ऐकलं होतं तेच पुन्हा म्हणायचं? तो हसरा चेहरा करून खोटं बोलतो. मघाशी जो चेहरा आनंदी वाटला होता तोच आता दुसऱ्या बाजूने बघताना पडलेला दिसतो, आणि चेहऱ्यात एका रेषेचाही फरक नाही. भविष्य कळलं की माणूस मोकळा होत नाही, उलट ते पाळत बसतो, हे चित्रपट या एका प्रसंगात दाखवून देतो. पुढचे सगळे घोळ हे असं भविष्य पाळत बसण्यातून होतात: मित्रांनी पडद्यावर जे पाहिलं ते करायलाच हवं म्हणून करायचं, मग ते का करायचं हे कुणालाच माहीत नसलं तरी.

मग एका मित्राला सुचतं की टीव्ही आणि मॉनिटर समोरासमोर ठेवले तर? हाच तो द्रोस्ते. १९०४ साली या डच कोको कंपनीच्या डब्यावर एका नर्सचं चित्र आलं, तिच्या हातातल्या ट्रेमध्ये तोच डबा, त्या डब्यावर पुन्हा तीच नर्स, असं आत आत. इथे मॉनिटरमध्ये दोन मिनिटांनंतरचा मॉनिटर दिसतो, त्यात आणखी दोन मिनिटांनंतरचा. प्रत्येक चौकट दोन मिनिटांची. तिसऱ्या चौकटीतला माणूस सहा मिनिटं पुढे आहे, पाचवीतला दहा. अट एकच, मधल्या सगळ्या वेळात दोन्ही पडदे समोरासमोर राहिले पाहिजेत. साखळीतला एक क्षण निसटला की त्याच्या आतलं काहीच दिसणार नाही. लेखकाने ही अट लक्षात ठेवलीय, म्हणून पुढचं गणित पटतं. आतली चौकट जितकी लहान तितकी बातमी जास्त दूरची आणि धूसर. याहून चांगलं दृश्य लाखो येन ओतूनही मिळालं नसतं.

कमकुवत बाजूही आहेत. पहिल्या वीसेक मिनिटांत प्रत्येक संभाषण दोनदा ऐकावं लागतं, एकदा या टोकाने, एकदा त्या. नियम मनात बसायला ते लागतं, पण तिसऱ्या-चौथ्या वेळी पाय ओढल्यासारखं होतं. वरच्या मजल्यावरच्या याकुझा गुंडांचं प्रकरण धोका वाढवायला आणलंय. ते पैसे, ती पळवापळवी, या भागात चित्रपट थोडा नेहमीच्या वाटेला लागतो. शेवटाकडे भविष्यातून माणसं येतात तो भाग घाईचा वाटतो आणि तिथे नियमाबाहेरची गोष्ट आत घुसते. तरी शेवटचा निर्णय कातोचा स्वतःचा आहे आणि तो मघाच्या खोट्या हसण्याशी थेट जोडलेला आहे, म्हणून तो भिडतो.

उएदा यांना हा विषय नवा नाही. त्यांचं ‘समर टाइम मशीन ब्लूज’ हे नाटक २००१चं, त्यावर २००५ साली चित्रपट झाला. त्यात एसीचा रिमोट मिळवण्यासाठी विद्यार्थी काळात मागे जातात. २०२३चा ‘रिव्हर’ याच यामागुची-उएदा जोडीचा, क्योटोजवळच्या किबुने गावातल्या सरायीत घडणारा. तिथेही दोनच मिनिटं, पण उलट बाजूने: दर दोन मिनिटांनी सगळे आपापल्या जागी परत, आठवणी मात्र शाबूत. प्रत्येक फेरी एका टेकची. एका फेरीत बर्फ पडतोय, पुढच्या फेरीत नाही, तरी गोष्ट ते निभावून नेते. ‘रिव्हर’ जास्त मायाळू आणि दिसायला देखणा आहे, पण नियमाची घट्ट वीण या पहिल्यातच आहे. दोन्ही बघणार असाल तर आधी हा बघा.

बघताना दोन-तीन गोष्टी. फोनवर बघू नका. चौकटीतल्या चौकटी बोटभर पडद्यावर दिसतच नाहीत, निदान लॅपटॉप तरी हवा. मधे थांबू नका. ७० मिनिटंच आहेत आणि थांबलात की घड्याळ तुटतं. सबटायटल्स वाचताना नजर खाली राहते आणि पडद्यातल्या माणसाच्या मागे कोण गेलं ते निसटतं. म्हणून जमलं तर दुसऱ्यांदा बघा, आणि त्या वेळी हातात स्टॉपवॉच घ्या. वरच्या मॉनिटरवरचं एखादं वाक्य ऐकलं की सुरू करा, तेच वाक्य खाली बोललं गेलं की थांबवा. श्रेयनामावली सुरू झाली की उठू नका. तिच्यासोबत शूटिंगची चित्रं आहेत, त्यात ही मंडळी टेक कसे जमवत होती ते दिसतं.