धंद्यात फसवणूक झाली तर आधी कुठं जायचं: सायबर हेल्पलाइन १९३०, आर्थिक गुन्हे शाखा की कोर्ट?

भोसरीत माझ्या मेव्हण्याचं पावडर कोटिंगचं छोटं युनिट आहे. त्याला नेहमीच्या सप्लायरच्या नावानं मेल आला की आमचं खातं बदललंय, पेमेंट इथं टाका, आणि यानं ४ लाख ६० हजार टाकले. खऱ्या सप्लायरचा तगाद्याचा फोन आला तेव्हा कळलं. मग दोन दिवस वकील, ओळखीतले साहेब, पोलीस स्टेशन असं फिरण्यात गेले आणि तोवर पैसे खात्याखात्यांतून पुढं सरकले होते. जीव तुटतो असं बघताना, म्हणून लिहितोय.

माझ्या मते सगळ्यात आधी विचारायचं की पैसे आत्ता कुठं आहेत. ऑनलाइन गेले असतील तर दुसरं काही न बघता १९३० ला फोन करा, नाहीतर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार टाका, सोबत आपल्या बँकेलाही कळवा, यूटीआर नंबर (त्या पेमेंटचा बँकेतला क्रमांक) आणि स्टेटमेंट हाताशी ठेवा. तक्रार थेट पैसे गेलेल्या बँकेकडं पोचते आणि तिथं जे शिल्लक असेल ते होल्ड होतं, पुढं सरकले असतील तर पुढच्या बँकेकडं जाते. इथं तासांचा हिशोब आहे, दिवसांचा नाही. पण नुसता फोन म्हणजे एफआयआर नव्हे, त्यासाठी सायबर पोलिसांचा पाठपुरावा करावाच लागतो. आणि हे फक्त लहान धंद्यांचं होतं असं समजू नका, २०२२ मध्ये सीरम इन्स्टिट्यूटमधून सीईओच्या नावानं आलेल्या व्हॉट्सअ‍ॅप मेसेजवर १ कोटीच्या वर रक्कम गेली होती.

आर्थिक गुन्हे शाखेचं काम वेगळं. पार्टनरनं खोट्या सह्या केल्या, बनावट कागद दाखवून अ‍ॅडव्हान्स उचलला, स्कीम काढून बऱ्याच लोकांचे पैसे घेतले, असं मोठ्या रकमेचं आणि कागदांच्या गुंत्याचं प्रकरण इथं जातं. हे लोक लेजर, बँक स्टेटमेंट, करारपत्रं वाचू शकतात, साध्या चौकीत तेवढा वेळच नसतो. पण इथं घाई चालत नाही, व्यापारी व्यवहारात गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशी करायला सुप्रीम कोर्टानंच २०१३ मध्ये मुभा दिलीय. म्हणून अर्ज तारखेवार लिहा, पहिल्या पानावर कोणी, कधी, किती आणि काय खोटं सांगून घेतले एवढंच, बाकी पुरावे मागं जोडा. ठेवीदारांच्या फसवणुकीत १९९९ चा एमपीआयडी, म्हणजे ठेवीदारांचं हित जपणारा महाराष्ट्राचा कायदा लागतो, त्यात मालमत्ता जप्त होऊ शकते. भोसरी, चाकण पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात येतं, ते २०१८ पासून वेगळं आहे, तेव्हा पुणे शहराच्या ऑफिसात हेलपाटा घालू नका. हद्दीवरून कोणी परत पाठवलं तर झिरो एफआयआर मागा, तो कुठल्याही स्टेशनला घेता येतो.

आणि नुसतं बिल थकलं असेल तर पोलीस सिव्हिल मॅटर म्हणणार, आणि ते बरोबरच आहे, कारण फसवणुकीत सुरुवातीपासूनच बुडवायचा इरादा होता हे दाखवावं लागतं. चेक बाउन्स झाला तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, मग त्याला १५ दिवस, नाही दिले तर पुढच्या महिन्याभरात कोर्टात केस. तारीख हुकली की भांडत बसावं लागतं. उद्यम, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी असेल तर थकलेल्या बिलांच्या तक्रारीसाठी सरकारी पोर्टलही आहे, ४५ दिवसांच्या वर थकलेल्या बिलावर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज मागता येतं.

मेव्हण्याकडं आता खातं बदलल्याचा मेल आला की जुन्या नंबरवर फोन करून आवाज ओळखल्याशिवाय पेमेंट जात नाही, नवीन पार्टीचा जीएसटी नंबर पोर्टलवर बघतात आणि ५० हजारांच्या वर दोघांनी ओके करायचं. त्याचे ३८ हजार होल्ड झाले होते, तेवढे कोर्टाच्या ऑर्डरनं परत आले.