चित्रपट नोंदवायचं ॲप, नऊ महिन्यांनंतर : ‘कोणी सुचवला’ हे लिहायचं कुठे?

मागच्या महिन्यात रात्रीतून ॲप अपडेट झालं आणि सकाळी उघडलं तर माझ्या ‘पाहायचे आहेत’ यादीतल्या 212 चित्रपटांखालच्या टिपा गायब. नावं जागेवर, पोस्टरं जागेवर, साल, दिग्दर्शक, लांबी सगळं जागेवर. मी स्वतः टाइप केलेलं तेवढंच गेलं होतं. त्याच तिरीमिरीत एक तारा देऊन मोकळी होणार होते, पण बहीण म्हणाली, राग उतरू दे, मग लिही. पुरता उतरलेला नाही. मात्र मधल्या काळात दोन गोष्टी अशा घडल्या की एक तारा देणं अन्यायाचं झालं असतं.

ॲपचं नाव मुद्दाम लिहीत नाही. या प्रकारची तीन-चार ॲप मी वापरून पाहिली आहेत आणि सगळ्यांची ठेवण थोड्याफार फरकाने एकच असते : पाहिलेल्याची डायरी, पाहायच्याची यादी, अर्ध्या ताऱ्यापासून पाच ताऱ्यांपर्यंत रेटिंग, खाली अनोळखी लोकांचे अभिप्राय. हे ज्याला माहीत नाही तो हा अनुभव वाचायला येणार नाही, म्हणून त्यात वेळ घालवत नाही.

मला बोलायचंय ते त्या टिपेच्या चौकोनाबद्दल. यादीत चित्रपट टाकला की खाली ‘खासगी टीप’ असा बारकासा चौकोन उघडायचा. बहुतेकांनी तो कधी वापरलाही नसेल. मी पहिल्या दिवसापासून त्यात एकच गोष्ट लिहीत आले : कोणी सुचवला आणि सुचवताना काय म्हणाला. उदाहरणार्थ :

‘मामा. रात्री एकटीने बघ. मध्ये थांबवू नकोस.’

‘कॉलेजची मैत्रीण. तिला आवडलाय म्हणजे संथ असणार, सुट्टीच्या दिवशी.’

‘मामेभाऊ. संपल्या संपल्या फोन कर म्हणाला, आधी काही सांगणार नाही.’

या टिपा काढल्या की यादीत काय उरतं? दोनशे बारा पोस्टरं. त्यातलं एखादं आठ महिन्यांपूर्वी मी का टाकलं असेल, हे आज मला कसं कळणार? आपल्याला चित्रपट सुचवणारा माणूस नुसतं नाव देत नाही. तो स्वतःची आवड तारण ठेवतो. मामाने सुचवलेला चित्रपट मी मामाच्या भरवशावर पहिला अर्धा तास सोसते. तोच चित्रपट नुसता यादीत दिसला असता तर दहाव्या मिनिटाला बंद केला असता.

सगळ्यात जास्त जिव्हारी लागली ती बेल्जियन दिग्दर्शिका शांताल आकेरमानच्या ‘जान दिलमान’खालची टीप. 1975 चा चित्रपट, 201 मिनिटं. एक विधवा बाई, तिचं घर, तिचे तीन दिवस. ॲपवर त्याखाली एकीकडे ‘अद्वितीय’ आणि दुसरीकडे ‘काहीच घडत नाही’ असे अभिप्राय एकाखाली एक लागलेले आहेत आणि दोन्ही वाचून माझ्यासारखीला काडीचा उपयोग नाही. मैत्रिणीने मला फोनवर सांगितलं होतं, ‘पहिल्या दिवशी तिचे हात बघून ठेव. दिवा कधी बंद करते, झाकण कुठे ठेवते, सगळं. दुसऱ्या दिवशी बटाटे जास्त शिजतात, तिथून सावध राहा.’ मी ते शब्दाला शब्द टिपून घेतलं. आणि खरोखर, जास्त शिजलेल्या बटाट्यांचं भांडं हातात घेऊन ती बाई घरभर फिरते, ते कुठे टाकावं हे तिला सुचत नाही, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. एरवी मला ते दिसलंच नसतं. तिने मला गोष्ट सांगितली नव्हती, फक्त कुठे बघायचं ते सांगितलं होतं. सुचवणं म्हणजे हेच, आणि ॲपच्या नव्या आवृत्तीत त्याला जागा नव्हती.

तक्रार केली. पहिलं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं : कॅशे साफ करा, ॲप काढून पुन्हा टाका. केलं. दुसरं उत्तर पाच दिवसांनी : कॅशे साफ करा, ॲप काढून पुन्हा टाका. मी स्क्रीनशॉट जोडले, अपडेटची तारीख लिहिली, आधीच्या आवृत्तीत चौकोन कुठे होता ते बाण काढून दाखवलं. तिसऱ्या उत्तरात सूर बदलला : ‘ही सुविधा कमी वापरली जात असल्याने बंद करण्यात आली आहे, आपण सार्वजनिक अभिप्राय लिहू शकता.’ मैत्रिणीने फोनवर मला एकटीला सांगितलेलं मी जगजाहीर करू? आणि न पाहिलेल्या चित्रपटावर अभिप्राय काय लिहायचा? चौथ्या मेलला उत्तरच नाही. सुविधा काढायची तर काढा, तो तुमचा अधिकार. पण आधी पंधरा दिवस सांगा, लोकांना आपलं लिहिलेलं उतरवून घेऊ द्या. वर्षाची वर्गणी एकरकमी घेताना किती वेळा आठवण केली होती!

पुढचे दोन आठवडे टिपा नव्हत्या, तेव्हा ॲपच्या ‘तुमच्यासाठी’ या विभागावर विसंबले. नऊ महिन्यांत त्याकडे फारसं पाहिलं नव्हतं, कारण सुरुवातीला तो पाहिलेलेच चित्रपट पुढे करायचा. या विभागाचं गणित साधारण असं असतं : ज्यांचे तारे माझ्या ताऱ्यांशी जुळतात असे प्रेक्षक शोधायचे आणि त्यांना आवडलेलं पण मी न पाहिलेलं माझ्यापुढे ठेवायचं. म्हणजे मी रेटिंग देण्यात कंजुषी केली तर त्याला काही कळायला मार्गच नाही. माझ्या खात्यात तेव्हा जेमतेम चाळीस रेटिंग होती. एका संध्याकाळी बसून जुन्या पाहिलेल्या दीडशे चित्रपटांना तारे दिले आणि दोन दिवसांत तो विभाग सुधारला. याबाबतीत माझंच मत चुकीचं होतं, ते बदलते.

त्यातूनच मला इराणी दिग्दर्शक अब्बास कियारोस्तामीचा 1990 चा ‘क्लोज-अप’ मिळाला. एक माणूस आपण प्रसिद्ध दिग्दर्शक मोहसेन मखमलबाफ आहोत असं सांगून एका कुटुंबाला फसवतो, पकडला जातो, खटला चालतो. हे खरं घडलेलं आणि चित्रपटात ती ती माणसं स्वतःचीच भूमिका करतात. या वर्षात इतकं आतून हलवणारं मी दुसरं काही पाहिलेलं नाही. शेवटी तो माणूस आणि खरा मखमलबाफ मोटारसायकलवरून निघतात आणि त्यांच्या बोलण्याचा आवाज तुटायला लागतो. येतो, जातो, येतो. मी उठून स्पीकरची वायर काढून पुन्हा लावली. मागे जाऊन तोच प्रसंग परत लावला, पुन्हा वायर तपासली. नंतर वाचलं तेव्हा कळलं की आवाज मुद्दामच तसा ठेवलेला आहे. चित्रपटाचा सर्वांत नाजूक प्रसंग आणि मी टीव्हीच्या मागे हात घालून उभी! मामाने सुचवला असता तर एक वाक्य नक्की आलं असतं : ‘शेवटी आवाज तुटेल, तुझा सेट बिघडलेला नाही.’ गणिताने मला योग्य चित्रपटापर्यंत नेलं, हे शंभर टक्के मान्य. पण ते एक वाक्य त्याच्याकडे नव्हतं.

या गणितावर पूर्वी केवढा खटाटोप झाला होता हे आठवून पाहा. 2006 साली नेटफ्लिक्सने स्पर्धा जाहीर केली : प्रेक्षक किती तारे देईल याचा अंदाज आमच्यापेक्षा 10 टक्के जास्त अचूक बांधून दाखवा आणि 10 लाख डॉलर घेऊन जा. अभ्यासाला 4 लाख 80 हजारांहून जास्त प्रेक्षकांची, 17,770 चित्रपटांना दिलेली 10 कोटींवर रेटिंग दिली होती. तरीही जगभरच्या हुशार माणसांना तिथवर पोचायला 2009 उजाडलं. बक्षीस मिळालेल्या संघाची सुधारणा होती 10.06 टक्के. आणि या सगळ्यांना सतत चकवत राहिला तो 2004 चा ‘नेपोलियन डायनामाइट’ नावाचा लहानसा विनोदी चित्रपट. कुणी त्याला पाच द्यायचं, कुणी एक, आणि दोघांच्या बाकीच्या आवडी अगदी सारख्या. अशा चित्रपटाची सरासरी तीन तारे येते, पण तीन तारे दिलेला माणूस शोधून सापडायचा नाही. तिथे सुचवणाऱ्याचं नाव सोडलं तर आधार कशाचा घ्यायचा?

‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश चित्रपट मासिकाचा, सर्वोत्तम चित्रपट कोणता यावरचा समीक्षकांचा कौलही मी याच नजरेने बघते. 1952 पासून दर दहा वर्षांनी होतो. पहिल्यांदा ‘बायसिकल थीव्ज’ वर होता, मग 1962 ते 2002 ‘सिटिझन केन’, 2012 ला ‘व्हर्टिगो’, 2022 ला ‘जान दिलमान’. लोक क्रमांकावरून हमरीतुमरीवर येतात. मला त्यातला मोलाचा भाग वाटतो तो म्हणजे समीक्षकांनी निवडलेले दहा-दहा चित्रपट त्यांच्या नावासकट वाचायला मिळतात. आपल्याशी सात नावं जुळणारा कुणी सापडला की उरलेली तीन डोळे झाकून बघावीत. मी असे दोन समीक्षक हेरून ठेवलेत आणि अजून एकदाही पस्तावले नाही.

आता दुसरी उणीव, तीही सुचवण्याशीच जोडलेली. ॲपमध्ये एका चित्रपटाची एकच नोंद असते, आवृत्ती कोणती हे लिहायची सोय नाही. ‘ब्लेड रनर’वरून मामा आणि मामेभाऊ अर्धा तास वाद घालत होते. मामा म्हणे, ते निवेदन ऐकवत नाही, सगळं समजावून सांगतं. मामेभाऊ म्हणे, कसलं निवेदन? मामाने पाहिली होती 1982 ची चित्रपटगृहातली आवृत्ती, पोराने 2007 ची. मधल्या 1992 च्या आवृत्तीतच नायकाचं निवेदन आणि तो गोड शेवट काढून टाकला होता. म्हणजे दोघं दोन वेगळ्या चित्रपटांवर भांडत होते आणि ॲपवर दोघांचेही तारे एकाच सरासरीत जमा. म्हणून आता कुणी चित्रपट सुचवला की मी पहिला प्रश्न आवृत्तीचा आणि लांबीचा विचारते. तुम्हीही विचारा.

बाकी थोडक्यात. शोध उत्तम, नाव अर्धवट टाकलं तरी सापडतं. वेग चांगला. वर्षाचा तक्ता दिसायला छान, उपयोग शून्य. ‘आठवणीत ठेवा’ची सूचना रोज येते, ती सेटिंगमधून बंद करता येते.

इथवर लिहून ठेवलं होतं आणि परवा आनंदाचा धक्का बसला. वर्गणी संपली की खातं बंद करायचं ठरवलं होतं, म्हणून जाण्याआधी माझा डेटा उतरवून घेतला. सेटिंगमध्ये अगदी तळाशी तो पर्याय आहे, सीएसव्ही फाइल (स्प्रेडशीटमध्ये उघडणारी साधी तक्त्याची फाइल) मिळते. संगणकावर उघडली तर नावांपुढे एक जास्तीचा रकाना, आणि त्यात सगळी विचित्र चिन्हांची रांग. आधी वाटलं फाइल खराब आहे. मग लक्षात आलं की रांगा वेगवेगळ्या लांबीच्या आहेत, काही दोन शब्दांएवढ्या, काही चार ओळींच्या. कुठे काय लिहिलं होतं हे मला साधारण आठवत होतं. ‘जान दिलमान’समोरची रांग सगळ्यात लांब होती!

फाइल थेट दोनदा टिचकी मारून उघडली की स्प्रेडशीट कधीकधी देवनागरीचा असा चुथडा करते. रिकामी शीट उघडून ‘इम्पोर्ट’ने फाइल आत घ्यायची आणि तिथे यूटीएफ-8 (देवनागरीही नीट वाचणारी अक्षरांची पद्धत) निवडायचं. तसं केलं आणि पडद्यावर आलं : ‘पहिल्या दिवशी तिचे हात बघून ठेव.’ जीव भांड्यात पडला. मी तिथेच मैत्रिणीला फोन लावला. टिपा त्यांनी खोडल्या नव्हत्या, नुसत्या दाखवायच्या बंद केल्या होत्या. हे चार मेलमध्ये एकाही माणसाने सांगू नये? ज्यांची अशीच यादी अडकली असेल त्यांनी आजच फाइल उतरवून घ्या, पुढच्या अपडेटमध्ये तो रकानाही जाऊ शकतो.

म्हणून तारे तीन. एक डायरीसाठी, एक ‘तुमच्यासाठी’ने दिलेल्या ‘क्लोज-अप’साठी, एक त्या फाइलसाठी. वर्गणी पुन्हा भरणार नाही, फुकटच्या खात्यात डायरी आणि यादी दोन्ही चालतात आणि मला तेवढंच लागतं. नव्याने घेणाऱ्यांनीही वर्षाचे पैसे एकदम अडकवू नयेत.

आता सुचवलेले चित्रपट माझ्या स्वतःच्या शीटमध्ये जातात : नाव, साल, आवृत्ती, कोणी सुचवला, काय म्हणाला. 212 ओळींपैकी नऊ ओळींसमोर काहीच नाही, तिथे मीच लिहायचा आळस केला होता. त्यातला एक मामाचाच असणार असं वाटून काल त्याला विचारलं. म्हणाला, ‘नाही गं, मी हा पाहिलेलाच नाही. तू बघ आधी, आणि चांगला असेल तर माझ्याकडे तुझ्या नावाने लिहून ठेवतो.’