परकीय प्रभाव: अमेरिकेचा ‘फारा’ आणि भारताचा ‘एफसीआरए’

परकीय सत्तांचा राजकारणावरील प्रभाव आटोक्यात ठेवण्यासाठी अमेरिकेने १९३८ मध्ये केलेल्या ‘फारा’ (परकीय हस्तकांच्या नोंदणीच्या) कायद्याचा भर उघडपणावर आहे. परक्या सरकारची बाजू मांडणाऱ्याने न्याय खात्याकडे नोंदणी करावी, दर सहा महिन्यांनी तपशील द्यावा आणि प्रचारसाहित्य कोणासाठी आहे ते त्यावर छापावे; त्यानंतर लॉबिंगला मज्जाव नाही. भारताने १९७६ मध्ये, ऐन आणीबाणीत, स्वीकारलेला आणि २०१० च्या ‘एफसीआरए’ने, म्हणजे परकीय देणग्यांचे नियमन करणाऱ्या कायद्याने, कायम ठेवलेला मार्ग मात्र बंदीचा व परवानगीचा आहे. उमेदवार, राजकीय पक्ष, न्यायाधीश आणि वृत्तपत्रे यांना परकीय पैसा वर्ज्य आहे, तर संस्थांना तो केंद्रीय गृहमंत्रालयाच्या परवानगीशिवाय घेता येत नाही.

नागरिकत्वाचा प्रश्न इथेच आडवा येतो. समजा, न्यू जर्सीत राहणाऱ्या भावाबहिणीने साताऱ्याकडील गावच्या शिक्षणसंस्थेला आपापल्या बचतीतून सारखीच देणगी दिली, तर भारतीय पासपोर्ट असलेल्या भावाची देणगी देशी ठरते आणि अमेरिकी नागरिकत्व घेतलेल्या बहिणीची, तिच्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे ओळखपत्र) असले तरी, परकीय ठरते.

पळवाटा असूनही मला अमेरिकी पद्धत अधिक पटते, कारण तिथे माहिती थेट नागरिकापर्यंत पोहोचते. आपल्याकडे निर्णयाची किल्ली मंत्रालयाकडेच राहते. शिवाय ही बंदी सर्वांवर सारखी चाललेली नाही. काँग्रेस आणि भाजप या दोन्ही पक्षांनी परकीय देणग्या घेऊन कायद्याचा भंग केल्याचा निष्कर्ष दिल्ली उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये काढला, तेव्हा २०१६ मध्ये परकीय स्रोताची व्याख्या सैल करण्यात आली आणि २०१८ मध्ये ती सवलत थेट १९७६ पासून पूर्वलक्षी प्रभावाने लागू झाली.