गगनबावडा-राधानगरीच्या मुक्कामासाठी: गाडीच्या टपावरचा तंबू की जमिनीवरचा?

कोल्हापुरातून तंबू भाड्याने घेताना आधी जमीन बघा. पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर जांभा दगड आहे, त्यात खुंट्या शिरत नाहीत. डोम तंबू, म्हणजे जमिनीवरचा घुमटासारखा, तिथे दगडांना दोऱ्या बांधून उभा करावा लागतो. टपावरच्या तंबूला खुंट्या लागतच नाहीत, पाच-दहा मिनिटांत उघडतो. पण त्याचं वजन साधारण 50 ते 70 किलो असतं. गाडी चालत असताना टपावर किती वजन चालतं, ती मर्यादा गाडीच्या मॅन्युअलमध्ये वाचा. कॅरिअरचं वजनही त्यातच धरायचं. गाडी सपाट जागी लावा, नाहीतर रात्रभर एका बाजूला घसरत झोपाल. उघड्या पठारावर वारा सुटला की टपावरचा तंबू हलतोही जास्त.

खरी अडचण ओलाव्याची. तंबूच्या दोन्हीकडच्या खिडक्या बोटभर उघड्या ठेवल्या नाहीत तर श्वासाची वाफ आतून थेंब धरते आणि लोक म्हणतात तंबू गळतो. ओला मिटलेला कॅनव्हास दोन-तीन दिवसांत बुरशी धरतो, म्हणून ताब्यात घेताना उघडून वास घ्या, शिवणी आणि शिडीचे खटके तपासा.

डोम तंबू स्वस्त, आणि गाडी हलवायला मोकळी राहते. फक्त तंबूखाली अंथरलेलं प्लास्टिक तंबूबाहेर येऊ देऊ नका, पाणी आत ओढतं. दोन रात्री एकाच ठिकाणी राहणार असाल तर आम्ही डोमच सुचवू. रोज जागा बदलणाऱ्यांनी टपावरचा घ्यावा.